देणगीहून मोठे मत

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट हे नाव महाराष्ट्रातील सुशिक्षित घरांत पिढ्यान् पिढ्या पोचले ते एका शिष्यवृत्तीमुळे. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात चमकणाऱ्या विद्यार्थ्याला मिळणारी ही शिष्यवृत्ती नानांच्या मृत्यूनंतर त्यांच्या स्मरणार्थ सुरू झाली आणि लवकरच ती मुंबई इलाख्यातील बुद्धिमत्तेची खूण मानली जाऊ लागली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेल्या चिंतामणराव देशमुखांनी 1912 मध्ये ती मिळवली होती. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या चौकाला नानांचे नाव आहे, एशियाटिक सोसायटीत त्यांचा संगमरवरी पुतळा आहे आणि मुंबई सेंट्रल स्थानकाला त्यांचे नाव द्यावे, असा ठराव राज्याच्या विधिमंडळाने 2024 मध्ये केला. हे सारे योग्यच आहे. पण या सगळ्या स्मारकांतून नानांची एकच ओळख उरते, ती म्हणजे सढळ हाताने देणारा धनिक. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी होती. शिक्षणाचे धोरण जिथे ठरत होते, त्या बैठकीत बसून त्यांनी सत्तेच्या विरोधात सामान्य मुलांच्या बाजूने मत नोंदवले. त्यांच्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या संस्था आजही दिसतात, त्या मताचा मात्र आपल्याला विसर पडला. आज त्या मताकडे पुन्हा वळण्याची फार गरज आहे.

नानांचा जन्म 10 फेब्रुवारी 1803 चा. घराणे मुरबाडचे, मुरकुटे आडनावाचे, दैवज्ञ ब्राह्मण. पूर्वज मुंबईत येऊन सराफीत आणि व्यापारात स्थिरावले आणि वडील शंकरशेट यांच्या काळात पेढीला मोठी भरभराट आली. आई भवानीबाई लहानपणीच गेल्या. 1822 मध्ये वडीलही गेले आणि विशीही न ओलांडलेल्या नानांच्या हाती मोठी दौलत आणि तिच्याहून मोठी जबाबदारी आली. बँका नुकत्या रुजत होत्या, तेव्हा व्यापाऱ्याचे खरे भांडवल त्याची पत असे. अरब आणि अफगाण व्यापारीदेखील आपला ऐवज नानांच्या पेढीवर विश्वासाने ठेवत. ज्याच्या शब्दावर परमुलखातले लोक आपली पुंजी सोपवतात, त्या माणसाचा शब्द सरकारदरबारीही वजनदार ठरतो. नानांनी हे वजन आयुष्यभर सार्वजनिक कामासाठी वापरले.

त्यासाठी काळही नाजूक होता. 1818 मध्ये पेशवाई संपली होती. सत्तांतराने पश्चिम भारतातील जुनी आश्रयव्यवस्था मोडली होती आणि नवी अजून उभी राहिली नव्हती. पंतोजींच्या शाळांत मोडी वाचन, हिशेब, पाढे शिकवले जात, पण भूगोल, भूमिती किंवा शास्त्र यांवर मराठीत पाठ्यपुस्तकच नव्हते. 1819 ते 1827 या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी या उणिवेकडे लक्ष दिले. 1822 मध्ये स्थापन झालेल्या आणि 1827 पासून ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने शाळा काढणे, पुस्तके तयार करणे आणि शिक्षक घडवणे अशी तिन्ही कामे हाती घेतली. नाना तरुण वयातच या कामात ओढले गेले आणि लवकरच त्याचे एक प्रमुख आधारस्तंभ झाले.

सोसायटीने केलेल्या कामाची आज नीट कल्पना येत नाही, कारण त्याची फळे आपल्या इतकी अंगवळणी पडली आहेत. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ 1828 मध्ये याच प्रयत्नांतून आले. इंजिनिअर असलेल्या जॉर्ज जर्व्हिस यांनी गणिताची पुस्तके मराठीत आणवली आणि आपल्या संस्थेत इंजिनिअरिंगचे शिक्षण मराठी-गुजरातीतून दिले. पुढे ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर सोसायटीच्या कामातूनच पुढे आले. 1826 मध्ये सोसायटीने तयार केलेले शिक्षक कोकण, देश आणि गुजरातेत रवाना झाले, आणि 1840 पर्यंत देशी भाषांतून शिकवणाऱ्या तिच्या शाळांची संख्या शंभरावर गेली. मराठीत शास्त्र शिकवता येते की नाही, हा वाद सुरू होण्याआधीच मराठीतून शास्त्र शिकवणे सुरू झाले होते. पुढच्या घडामोडी समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

एल्फिन्स्टन 1827 मध्ये परत निघाले तेव्हा लोकांनी त्यांच्या सन्मानासाठी वर्गणी जमवली. ती रक्कम दोन लाख रुपयांच्या पुढे गेली आणि तिच्यातून इंग्रजी, शास्त्रे व कला शिकवणाऱ्या प्राध्यापकांची सोय करण्याचे ठरले. पुढे याच प्रवाहातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन आणि मग एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. या उभारणीत नाना आघाडीवर होते. सोसायटीच्या शाळेत फी नव्हती, म्हणून शिकू शकलेल्या मुलांत गरीब पारशी घरातला एक मुलगा होता, दादाभाई नौरोजी. लोकांच्या पैशावर आपण शिकलो, म्हणून आपले आयुष्य लोकांचे, ही जाणीव दादाभाईंनी पुढे स्वतः सांगितली आहे. एका फीमाफ शाळेने देशाला काय दिले याचा याहून मोठा दाखला शोधावा लागत नाही.

1840 मध्ये सरकारने शिक्षणासाठी ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नेमले आणि सोसायटीच्या शाळा त्याच्याकडे गेल्या. सोसायटीच्या वतीने तीन हिंदी सदस्य त्यात बसले: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. हिंदू, पारशी आणि मुसलमान अशा तीन समाजांचे हे तीन प्रतिनिधी. 1843 मध्ये बोर्डाचे अध्यक्षपद सर एर्स्किन पेरी यांच्याकडे आले. ते सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती होते आणि 1847 मध्ये मुख्य न्यायमूर्ती झाले. तिकडे बंगालमध्ये 2 फेब्रुवारी 1835 च्या मेकॉलेच्या टिपणानंतर सरकारी पैशाचा ओघ इंग्रजी शिक्षणाकडे वळला होता. मुंबईतही तसेच व्हावे, अशी पेरींची धारणा होती.

पेरींची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ते हिंदी माणसाचे शत्रू नव्हते. ते निवृत्त होऊन परतले तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या नावाने निधी जमवला आणि त्यातून कायद्याचे पेरी प्राध्यापकपद निर्माण झाले. आजच्या गव्हर्न्मेंट लॉ कॉलेजची मुळे तिथे आहेत. पेरींचे म्हणणे असे होते की, बोर्डाकडे पैसा तुटपुंजा आहे, तो सगळ्या मुलखात पसरला तर कुठेच काही उगवणार नाही. त्यापेक्षा थोड्यांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण द्यावे, मग ते ज्ञान त्यांच्याकडून आपोआप खाली झिरपेल. हा विचार आजही जुना झालेला नाही. चांगल्या शाळा मोजक्यांसाठी आणि उरलेल्यांनी त्यांच्या उजेडात चालावे, असे म्हणणारे लोक प्रत्येक पिढीत असतात.

बोर्डात जर्व्हिस यांनी पेरींना विरोध केला आणि तिन्ही हिंदी सदस्य जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. 1847 मध्ये नानांनी या विषयावर आपले लेखी मत दिले. पश्चिम भारतातील लोकांना उपयुक्त ज्ञान द्यायचे असेल, तर देशी भाषांची योग्यता इंग्रजीहून अधिक आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट म्हटले. इंग्रजीला आपला विरोध नाही, तिला उत्तेजन द्यावेच, पण लाखो लोकांपर्यंत ज्ञान पोचवण्याचे माध्यम ती होऊ शकत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. शिक्षणाचा हेतू लोकांची मने घडवणे हा असेल, तर ते काम लोकांच्या भाषेतच होईल.

हे मत देणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ कुठे होता, हे पाहिले की त्याची किंमत कळते. नाना इंग्रजांशी व्यापार करणारे होते. गव्हर्नरांशी त्यांची ऊठबस होती. इंग्रजी शिक्षण मोजक्यांना मिळाले असते, तर त्या मोजक्यांत त्यांच्या घरची, आप्तांची आणि स्नेह्यांची मुले पहिल्या रांगेत असती. मुख्य न्यायमूर्तींशी वाद घालून त्यांच्या पदरात काहीच पडणार नव्हते. तरीही एल्फिन्स्टन निधीसाठी झटणाऱ्या या माणसाने ठरवले की, उंच इमारतीला हातभार लावताना खालच्या पायाचा पैसा काढून घेऊ द्यायचा नाही. दोन्ही हवे, आणि पाया आधी, ही त्यांची भूमिका होती.

बोर्ड दुभंगले आणि प्रकरण सरकारकडे गेले. निकाल तडजोडीचा लागला. प्राथमिक शिक्षण देशी भाषांतून आणि उच्च शिक्षण इंग्रजीतून अशी वाटणी मुंबई इलाख्यात टिकून राहिली. 1854 च्या वुडच्या खलित्यानेही बहुजनांसाठी देशी भाषांचा मार्ग मान्य केला. नाना पूर्ण जिंकले नाहीत. कॉलेज आणि वरच्या शाळा इंग्रजीच्या हाती गेल्या आणि मराठीतून शास्त्र शिकवण्याचा जर्व्हिस यांनी सुरू केलेला प्रयोग खुंटला. पण गावच्या शाळेत मराठी टिकली. पुढच्या शतकात खेड्यापाड्यांतून शिकून वर आलेल्या कित्येक पिढ्यांचे पहिले अक्षर या अर्ध्या विजयाचे देणे लागते.

नानांना भाषेचा कैवारी एवढेच म्हटले तर तेही अपुरे ठरेल. त्यांच्या कामाचा पट पाहिला की मुंबईच्या नव्या शतकाची बांधणी नजरेसमोर येते. 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, त्यामागे त्यांचे पाठबळ होते. 1846 मध्ये ग्रँट रोडवर नाट्यगृह उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. तिच्या कंपनीची जमवाजमव करणाऱ्या हिंदी व्यापाऱ्यांत जमशेटजी जीजीभाई यांच्याबरोबर नाना होते. सोनापूरची स्मशानभूमी हलवण्याचा सरकारचा बेत त्यांनी थोपवला. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हाच्या पहिल्या फेलोंच्या यादीत त्यांचे नाव आहे. ज्याने 1847 मध्ये मराठीची बाजू घेतली, तोच माणूस दहा वर्षांनी इंग्रजी विद्यापीठाच्या उभारणीत सामील होतो, यात विसंगती नाही. गावची शाळा आणि विद्यापीठ ही एकाच रस्त्याची दोन टोके आहेत, असे तो मानत होता.

त्या रस्त्यावर मुलींनाही चालता यावे, यासाठी त्यांनी समाजाचा रोष पत्करला. पुण्यात 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुण विद्यार्थ्यांनी त्याच वर्षी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा उघडल्या. मराठी मुलींच्या शाळेला जागा आणि आधार देणारे नानाच होते. विशीतली पोरे कल्पना घेऊन येतात तेव्हा त्यांना वाडा आणि नाव देणारा एक वडीलधारा लागतो. दादाभाई, भाऊ दाजी यांच्या पिढीला नाना तसे लाभले.

26 ऑगस्ट 1852 रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये ‘बॉम्बे असोसिएशन’ची स्थापना झाली, तीही नानांच्या नेतृत्वाखाली. पश्चिम भारतातील ही पहिली राजकीय संघटना. तिने पार्लमेंटकडे अर्ज धाडला आणि कायदे करणाऱ्या मंडळात हिंदी माणसांना स्थान मागितले. मागणी करणाऱ्याला लवकरच संशयाचे धनी व्हावे लागले. 1857 च्या उठावात नानांचा हात असावा, असा वहीम सरकारी गोटात आला, चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. 1861 च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टनुसार मुंबईचे कायदेमंडळ स्थापन झाले आणि 1862 मध्ये त्यात नेमलेल्या पहिल्या हिंदी सदस्यांत नाना होते. दहा वर्षांपूर्वी अर्जात मागितलेली खुर्ची त्यांना मिळाली. त्या मंडळाला अंदाजपत्रकावर बोलता येत नव्हते, सरकारला प्रश्न विचारता येत नव्हते. सदस्य सरकारनेच नेमलेले, मतपेटीला तिथे वाव नव्हता. पण दार उघडले होते. 31 जुलै 1865 रोजी नाना वारले, तेव्हा मुंबई कापसाच्या सट्ट्याच्या कोसळण्याने हादरलेली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात रातोरात झालेल्या श्रीमंतीला त्याच महिन्यात घरघर लागली होती. नानांनी शिक्षणात गुंतवलेली चार दशके मात्र कुठल्याही तेजी-मंदीवर अवलंबून नव्हती.

थोर माणसाचा गौरव करताना त्याच्या काळाच्या भिंतीही दाखवाव्या लागतात. सोसायटीच्या आणि बोर्डाच्या शाळांत बसणारी मुले मुख्यतः वरच्या जातींची होती. 1856 मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने तो नकार बदलला नाही. लोकांच्या भाषेत शिक्षण ही अट पुरी झाली, तरी सगळ्या लोकांना शिक्षण ही अट बाकीच होती. ती उच्चारली जोतीराव फुल्यांनी. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी विचारले की, शेतकऱ्यांच्या करातून भरणारा खजिना वरच्या वर्गाच्या शिक्षणावर का खर्च होतो, आणि बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. नानांनी 1847 मध्ये झिरपण्याच्या सिद्धान्ताला भाषेच्या बाजूने नकार दिला होता. जोतीरावांनी त्याच सिद्धान्ताला जातीच्या आणि वर्गाच्या बाजूने नकार दिला. एकाचे अपुरे काम दुसऱ्याने पुढे नेले.

1911 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले आणि ते फेटाळले गेले. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. आणि 1918 मध्ये, नाना जिथे बसले होते त्याच मुंबईच्या कायदेमंडळाने विठ्ठलभाई पटेल यांचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर केला. नगरपालिकांना शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा ब्रिटिश हिंदुस्थानातील हा पहिला कायदा. 2009 चा शिक्षण हक्क कायदा या मालिकेतलाच. 1862 मध्ये उघडलेल्या दारातून छप्पन्न वर्षांनी सामान्य मुलांसाठी कायदा बाहेर पडला, तो दाराशी दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या माणसांमुळे.

आज महाराष्ट्रात उद्योजक, आमदार आणि शिक्षणसंस्थाचालक ही तिन्ही रूपे एकाच व्यक्तीत दिसणे नवे राहिलेले नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यातून हजारो मुलांना परराज्यांत न जाता शिकता आले, हे खरेच. पण त्याच वाटेने ‘शिक्षणसम्राट’ हा शब्दही आला. नानांच्या काळात पेढीचा पैसा शाळेकडे वाहत होता. आता अनेक ठिकाणी शाळा-कॉलेजांतला पैसा निवडणुकीकडे आणि सत्तेकडे वाहतो. संस्था काढणे ही सेवा असू शकते, पण संस्थेच्या मालकीमुळेच जो लोकप्रतिनिधी झाला, तो फी, अनुदान आणि प्रवेश यांविषयीच्या कायद्यावर मत देताना कोणाच्या बाजूने बोलतो, हे तपासायला हवे. नानांच्या शाळा त्यांना काहीही मिळवून देत नव्हत्या, म्हणूनच बोर्डात त्यांचे मत मोकळे होते.

दुसरीकडे मराठी शाळांचे काय चालले आहे, हे सगळ्यांना दिसते. मुंबईत पालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत, आणि परवडत नसतानाही आई-वडील मुलाला इंग्रजी माध्यमात घालण्यासाठी कर्ज काढतात. 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आनंद झाला. 2025 मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या निर्णयावर महाराष्ट्र पेटून उठला आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. ही जाग स्वागतार्ह आहे. पण भाषेच्या अस्मितेसाठी रस्त्यावर येणाऱ्या आपल्या समाजाने त्याच भाषेतल्या शाळेच्या गळक्या छपरासाठी, रिकाम्या शिक्षकपदासाठी, प्रयोगशाळेतल्या नसलेल्या उपकरणासाठी तितकाच आवाज उठवला आहे काय? नानांनी मराठीची बाजू घेतली ती तिची आरती म्हणून नव्हे. ज्ञान मुलापर्यंत पोचण्याचा तो सर्वांत जवळचा रस्ता आहे, म्हणून. त्या रस्त्याची डागडुजी सरकारने केली नाही, तर पालकाला दोष देण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. पालक इंग्रजी मागतो, कारण मराठी शाळेत उत्तम इंग्रजीही शिकवली जाईल, अशी खात्री त्याला कोणी दिलेली नाही. मराठीतून पक्के ज्ञान आणि त्याबरोबर सकस इंग्रजी हीच नानांची मांडणी होती, आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही ती पूर्णपणे अमलात आलेली नाही.

म्हणून नानांच्या नावाचे स्मारक करायचे असेल, तर त्याची जागा विधिमंडळात आहे. शिक्षणाच्या अंदाजपत्रकावर चर्चा होते त्या दिवशी सभागृह भरलेले असले पाहिजे. ज्या सदस्याची शिक्षणसंस्था आहे, त्याने त्या संस्थेला लाभ देणाऱ्या प्रस्तावावर मत देण्याआधी आपला हितसंबंध उघड सांगितला पाहिजे. आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेत किती शिक्षक आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत, हे आमदाराला तोंडपाठ असले पाहिजे. आणि मतदारांनी मत मागायला आलेल्याला विचारले पाहिजे की, शिक्षणावर सभागृहात तुम्ही काय बोललात, आणि कोणाच्या मुलांसाठी. आमदाराने गावाला बांधून दिलेली कमान आपण कौतुकाने पाहतो. त्याने सभागृहात दिलेले मतही तेवढ्याच बारकाईने पाहायला आपण शिकलो, तर नाना शंकरशेटांचा वारसा आपल्याला समजला, असे म्हणता येईल.